डबल ब्रीडिंग पिंजरा, मधे सरकती जाळी : ११ महिने वापरून झाले

साइज-बिइज सगळ्यांना माहितीये, मी फक्त मधल्या जाळीवर बोलणार. ३,२०० रुपये मोजून घेतात आणि ती जाळी अडकवायला काय, तर प्लास्टिकचा नखाएवढा खटका. तिसऱ्या महिन्यात तुटला. एका खणात फिशर जातीचा लव्हबर्ड नर, दुसऱ्यात पीचफेस जातीची लव्हबर्ड मादी, आम्ही चार दिवस गावाला, शेजारच्या काकू दाणा-पाणी बघत होत्या. आलो तर दोघं एकाच दांडीवर एकमेकांची पिसं विंचरतायत. जाती वेगळ्या, काय होणारे म्हणून राहू दिलं. तिच्या खणात अंडी घालायचा बॉक्स होताच, महिन्याभरात पाच अंडी! चार भरलीच नाहीत, एक २३-२४ दिवसांनी फुटलं.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, जाळी खण पाडायला आहे, पक्षी अडवायला नाही. आता काय बोलणार.

इथवर लिहून एकच स्टार देणार होतो, पण पिल्लू सहा महिन्यांचं झालं आणि कागद कापायला लागलं. पीचफेस मादी पेपरच्या लांब पट्ट्या कापते आणि कमरेवरच्या पिसांत खोचून बॉक्समधे नेते, फिशर चोचीत धरून नेतो. हे येडं पट्टी कापतं, मान मागे वळवतं, पिसांत घुसवतं पण चोच सोडतच नाही, पट्टी परत बाहेर. नाहीतर नीट खोचलीच जात नाही, दोन उड्यांत खाली. रोज सकाळी ट्रेभर पट्ट्या! अमेरिकेत कॉर्नेलच्या विल्यम डिल्गरने याच दोन जातींची संकरित पिल्लं वाढवून १९६२ मधे हेच लिहून ठेवलंय. त्याची पिल्लं कित्येक महिन्यांनी चोचीतून न्यायला शिकली, तरी मान मागे वळवायची सवय काही जाईना. मी चहा गार होईपर्यंत बघत बसतो.

एक पक्षीवाला म्हणाला, नवीन म्युटेशन, म्हणजे नवा रंगप्रकार, सांगून विकू, चांगले पैसे येतील. म्युटेशन कसलं डोंबलाचं, डोळ्याभोवती फिशरसारखी पुसट पांढरी रिंग आहे एवढंच. नाही म्हटलं. पीचफेस आणि रिंगवाल्यांची पिल्लं बहुतेक वांझ निघतात, घेणारा दोन वर्षं बॉक्स लावून बसेल बिचारा. रिंगवाले आपापसात मात्र बिनधास्त, फिशर आणि मास्क्ड (ही दुसरी रिंगवाली जात) यांची पिल्लं पुढे वाढतात, केनियात नैवाशा तलावाकाठी पिंजऱ्यातून सुटलेल्यांचे मिश्र थवेच झालेत. त्यामुळे दोन्ही रिंगवाले ठेवणाऱ्यांनी तर हा पिंजरा घेऊच नये, कुठलं पिल्लू कशाचं ते पुढे कळणारच नाही.

आता जाळीला दोन बाइंडर क्लिपा लावल्यात, दहा रुपये, आठ महिने हलल्या नाहीत. पिंजऱ्याला दोन स्टार, त्यातला एक ट्रेला, तो खरंच सहज निघतो आणि सध्या रोज काढावा लागतो.