स्वस्तातला ‘अमेरिकन’ चाकू आणि बोटाला तीन टाके

भिवंडीच्या गोदामात माझा दिवस खोकी फोडण्यात जातो. एक हात खोक्यावर, दुसऱ्यात चाकू. म्हणून एका हाताने उघडेल आणि खिशात जाणवणार नाही असा चपटा चाकू हवा होता. केर्शॉ या अमेरिकन कंपनीचा ‘लीक’ नावाचा चाकू बरेच दिवस मनात होता. डिझाइन केन ओनियन या चाकू-कारागिराचं, पातं तीन इंची, वजन साधारण ८५ ग्रॅम. हा खटक्याचा रामपुरी नव्हे, याला बटण नसतं. पात्यामागचा उंचवटा बोटाने जरा ढकलला की मुठीतली पिळाची बारीक सळई उरलेलं काम करते. मिटलेलं पातं आत दाबून धरते तीही हीच सळई.

मोबाइलवर जाहिरात आली: ‘ओरिजनल, आज फक्त १,८९९’. अमेरिकेतच हा चाकू पाच हजारांच्या पुढे जातो हे मला ठाऊक होतं. तरी मागवला. डिलिव्हरीवाला म्हणाला, “साहेब, आधी पैसे, मग खोकं फोडा.” दिले.

पहिल्याच दिवशी शंका यायला हवी होती. मिटलेलं पातं मधोमध न बसता मुठीच्या एका बाजूला घासत होतं. जाहिरातीत ‘१४सी२८एन’ पोलाद लिहिलं होतं, ते सहजासहजी गंजत नाही. माझ्या पात्यावर मात्र लिंबू कापल्यावर सकाळी तांबडे ठिपके. मी तेल लावून मोकळा झालो.

नवव्या दिवशी प्लास्टिकच्या पट्टीत पातं अडकलं. ओढलं, तर लॉक सुटून पातं थेट तर्जनीवर मिटलं. तीन टाके पडले. या चाकूत उघडल्यावर मुठीचीच एक पट्टी आत सरकून पात्याच्या बुडाशी टेकते, तेच लॉक. नंतर उजेडात पाहिलं, माझ्या चाकूत ती नखाच्या कडेएवढीच टेकत होती. पैसे गेल्याचं मला फार वाटत नाही, पण ज्याने हा माल अस्सल म्हणून विकला त्याने माझ्या बोटाशी खेळ केला.

विक्रेत्याचं उत्तर आलं, “सात दिवसांची मुदत संपली.” हे ऐकून गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार नकली किंवा सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते. हे लिहून पाठवलं तर पलीकडे शांतता. दोन दिवसांत जाहिरातही गायब. नशीब, तिचा एक स्क्रीनशॉट मी काढून ठेवला होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. खोक्यावरचं लेबल, पावती आणि चिकटपट्टीत गुंडाळलेला चाकू कपाटात जपून ठेवलाय, पुरावा म्हणून.

तुमच्याकडेही असाच स्वस्तात आलेला असेल, तर आज उघडा, बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता त्याची पाठ हलकेच दाबा, आणि लॉकची पट्टी किती टेकते ते उजेडात बघा.