कॉन्टूर प्लस ग्लुकोमीटर: यंत्र चांगलं आहे, बोट धुऊन या

टाइप २ मधुमेह नुकताच निघालाय, मेटफॉर्मिन सुरू झालंय, खाण्यात बदल सांगितलेत आणि डॉक्टर म्हणालेत, ‘घरी एक मशीन घेऊन ठेवा.’ हे परीक्षण अशा माणसासाठी आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांचं, गरोदर बायकांचं आणि मुलांचं गणित वेगळं असतं. त्यांनी इथलं वेळापत्रक उचलू नये.

कॉन्टूर प्लस हा असेन्शिया कंपनीचा साधा, पट्टीवर चालणारा ग्लुकोमीटर, म्हणजे घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र. ०.६ मायक्रोलिटर रक्त लागतं, ५ सेकंदांत आकडा येतो, ४८० नोंदी साठतात आणि आत सीआर २०३२ जातीचे दोन चपटे सेल बसतात. पट्ट्यांचा कोड मशीनमध्ये भरावा लागत नाही, आणि ही सोय वाटते त्याहून मोठी आहे. कोड लागणाऱ्या जुन्या यंत्रांत नवी डबी उघडून कोड बदलायचा राहिला, की डबी संपेपर्यंत आकडे चुकत राहत आणि कुणाला पत्ता लागत नसे.

पट्टीतलं एन्झाइम (साखरेशी क्रिया करणारा घटक) एफएडी-जीडीएच प्रकारचं आहे, त्यामुळे रक्तातल्या ऑक्सिजनच्या कमीजास्त प्रमाणाचा किंवा माल्टोज या दुसऱ्या साखरेचा आकड्यावर परिणाम होत नाही. झायलोज शोषण चाचणी (झायलोज ही साखर पिऊन आतड्याची शोषणशक्ती तपासणारी) चालू असताना मात्र हा मीटर वापरायचा नाही. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ० ते ७० टक्के चालतं, म्हणजे अंगात रक्त कमी असलेल्यांनाही हा चालेल. हिमॅटोक्रिटची दुरुस्ती न करणारे मीटर अशा रुग्णांची साखर असते त्यापेक्षा जास्त दाखवतात.

नवशिक्यासाठी सगळ्यात कामाची सोय दुसऱ्या संधीची. रक्त कमी पडलं तर मशीन दोनदा बीप करतं, थेंबाचं चिन्ह लुकलुकतं आणि त्याच पट्टीवर आणखी रक्त लावायला साधारण ३० सेकंद मिळतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त पट्ट्या अपुऱ्या थेंबापायीच वाया जातात. इथे त्या वाचतात.

उणिवाही आहेत. साध्या कॉन्टूर प्लसमध्ये ब्लूटूथ नाही. फोनवर नोंदी हव्या असतील तर कॉन्टूर प्लस वन बघा. जेवणाआधी-जेवणानंतरची खूण करायची सोय आहे, पण ती एल-२ या पातळीत. मीटर एल-१ वर येतो आणि बरेच जण सेटिंग बदलतच नाहीत. मग डॉक्टरांसमोर शंभर आकडे असतात आणि कुठला उपाशीपोटीचा, कुठला जेवणानंतरचा, कुणालाच सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी तारीख-वेळ लावा आणि एल-२ सुरू करा. एकक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे की मिलिमोल प्रति लिटर, तेही पाहून घ्या. मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणलं की मिलिग्रॅमचा आकडा मिळतो.

अचूकतेबद्दल गैरसमज फार. घरगुती मीटरसाठीचा आयएसओ १५१९७:२०१३ हा निकष असं सांगतो, की १०० मिलिग्रॅम आणि त्यापुढच्या साखरेला ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत हवेत, आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर १६० असताना १३६ ते १८४ यातला कुठलाही आकडा नियमात बसतो. तेव्हा पाठोपाठ दोन बोटं टोचून १२१ आणि ११२ आले म्हणून मशीन बिघडलं असं समजायचं कारण नाही. प्रयोगशाळेशी ताडून बघायचं असेल तर उपाशीपोटी बघा, आणि तिथे रक्त काढल्यापासून दहा मिनिटांच्या आत बोट टोचा. जेवणानंतर बोटातल्या केशवाहिन्यांतली साखर शिरेतल्या साखरेपेक्षा जास्तच असते, त्यामुळे तेव्हाची तुलना मुळातच फसवी.

आता बोट. या मीटरबद्दलच्या बहुतेक तक्रारी शेवटी बोटापाशी येऊन थांबतात. फळ सोलून नुसतं पुसलेलं बोट टोचलं, तर कातडीवरची साखर थेंबात मिसळते आणि आकडा खूपच वर जातो. थेंब इतका लहान असतो, की डोळ्यांना न दिसणारा गोडाचा थरही त्याला पुरतो. स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका, चिकट साखर त्याने नीट निघत नाही. शिवाय ओलं स्पिरिट थेंबात मिसळलं तर चूक उलट्या बाजूनेही होऊ शकते. साबण, कोमट पाणी आणि पूर्ण कोरडं बोट, एवढंच लागतं. कोमट पाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे बोटाकडे रक्त येतं आणि पिळावं लागत नाही. जोर लावून पिळलं की कातडीखालचा पाणचट द्रव रक्तात येतो आणि आकडा पातळ पडतो. हात धुणं शक्यच नसेल, तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या.

टोचायचं बोटाच्या टोकाच्या कडेला. मधल्या गुबगुबीत भागात दुखतं जास्त. टोचणीची खोली सगळ्यात कमी ठेवून सुरुवात करा आणि थेंब येत नसेल तर एकेक घर वाढवा. सुई दर वेळी नवी घ्या, आणि टोचणी घरात दुसऱ्या कुणाला ‘सहज बघू’ म्हणून देऊ नका. रक्तातून पसरणारे आजार असेच पसरतात. पट्टीचं राखाडी चौकोनी टोक मशीनमध्ये घाला, मशीन आपोआप सुरू होतं. दुसरं टोक थेंबाला टेकवून बीप वाजेपर्यंत धरा, पट्टी रक्त स्वतः ओढून घेते. वरून थेंब टाकणं किंवा टोक कातडीत दाबणं, दोन्ही चूक.

पट्ट्या ० ते ३० अंश सेल्सियसमध्ये, त्यांच्या मूळ डबीतच राहू द्या. त्या डबीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो. खिशात सुट्या चार पट्ट्या टाकून नेणं, डबी उघडी विसरणं, न्हाणीघरात ठेवणं यांनी पट्टी गपचूप बिघडते. आकडा येत राहतो, फक्त तो खरा नसतो. शंका आली तर कंट्रोल सोल्यूशन, म्हणजे साखरेचं प्रमाण आधीच ठाऊक असलेला तपासणीचा द्रव, रक्ताऐवजी लावा. त्याचा आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला नाही, तर ती डबी टाकून द्या.

एवढं सांभाळलं की हा मीटर खरं काम करू लागतो. ते म्हणजे गोळीचा परिणाम आणि ताटाचा परिणाम वेगवेगळा दाखवणं. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून सुटणाऱ्या साखरेवर लगाम घालतं, म्हणून त्याचं काम सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यात उतरतं. तेही हळूहळू. गोळी साधारणपणे ५०० मिलिग्रॅमपासून जेवणासोबत सुरू होते आणि पोट बिघडू नये म्हणून दर आठवड्याला थोडी वाढवली जाते. पूर्ण परिणामाला काही आठवडे जातात. तिसऱ्या दिवशी सकाळी १५८ बघून गोळी लागू पडत नाही असं ठरवू नका. जुलाब-मळमळ झाली तरी गोळी परस्पर बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. हळूहळू विरघळणारी गोळी मिळते आणि ती बऱ्याच जणांना सोसते. पहाटे यकृत साखर सोडतं, कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन ही शरीरातली संप्रेरकं त्याला चालना देतात, त्यामुळे रात्री काहीही न खाता सकाळचा आकडा झोपतानाच्या आकड्यापेक्षा वर असू शकतो. त्यात रात्रीच्या जेवणाचा दोष असेलच असं नाही.

ताटाचं काम कळतं ते जोडीच्या रीडिंगमधून: एक जेवणाआधी, एक पहिल्या घासापासून दोन तासांनी. हात धुऊन ताटावरून उठल्यापासून नव्हे. समजा, नेहमीच्या भातासह आकडे ११८ आणि १९६ आले, म्हणजे चढ ७८. दुसऱ्या दिवशी भात निम्मा, बाकी सगळं तेच, आणि आकडे १२१ व १५८, चढ ३७. भाताचं प्रमाण किती हवं याचं उत्तर या दोन जोड्यांत आहे, आणि कुठल्याही तक्त्यापेक्षा ते तुमच्या शरीराला जवळचं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला: प्रमाण, किंवा भाज्या आणि प्रथिनं आधी खाऊन पिष्टमय पदार्थ शेवटी घेणं, किंवा जेवणानंतर १५ मिनिटं चालणं. तिन्ही एकदम बदलले तर उपयोग कशाचा झाला ते समजत नाही. प्रत्येक बदल निदान दोनदा तपासा, कारण दहा-पंधराचा फरक मीटरच्या चुकीतच बुडून जातो. बघायचा तो चढ. गोळीचा परिणाम वाढत गेला की दोन्ही आकडे खाली येतील, पण त्या जेवणाची चाल चढातच दिसेल. तेलकट-तुपकट जेवणाचा शिखरबिंदू उशिरा येतो, म्हणून अशा दिवशी एखादं रीडिंग तीन तासांनीही घ्या.

पट्ट्या किती लागतील? आज सकाळचं जेवण, उद्या दुपारचं, परवा रात्रीचं असं फिरवत रोज एक जोडी घेतली तर दोन आठवड्यांत २८ पट्ट्या. ५० च्या डबीत हे बसतं आणि चुकांसाठीही काही उरतात. दिवसातून सहा वेळा टोचून काही न बदलणं म्हणजे बोटांना निव्वळ शिक्षा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची बहुतेक प्रौढांसाठीची उद्दिष्टं जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत अशी आहेत. वय आणि इतर आजार बघून डॉक्टर ती बदलतात.

ग्लिमेपिराइडसारखी, साखर फार खाली नेऊ शकणारी गोळी असेल तर मीटरला आणखी एक काम पडतं. ७० च्या खाली आकडा, किंवा थरथर-घाम-धडधड आणि आकडा ७० च्या आसपास, दोन्ही वेळी उपचार तोच: १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज (पिष्टमय पदार्थांचं पचन लांबवणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर साधी साखर सावकाश पचते, म्हणून ग्लुकोजच हवं. आणि दुसऱ्यांदा टोचण्याआधी हात पुन्हा धुवा. ग्लुकोज हाताळलेल्या बोटाचा २४० हा आकडा बघून लोक निर्धास्त होतात आणि साखर मात्र अजून खालीच असते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट मदत बोलवा.

मीटर एचबीए१सी या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीची जागा घेत नाही. ती चाचणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४. मीटरची सरासरी १३० आणि एचबीए१सी ८ असं निघालं, तर बहुधा तुम्ही फक्त सकाळीच मोजत आहात.

दंडावर चिकटवायचे सेन्सर चढाची अख्खी रेषा दाखवतात, टोचणं वाचवतात आणि झोपेतले आकडेही देतात. मात्र ते कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतात, त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना काही मिनिटं मागे असतात, आणि लक्षणं व आकडा जुळत नसतील तेव्हा बोट टोचावंच लागतं. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांना सुरुवातीला दोन आठवडे एक सेन्सर लावून आपली जेवणं ओळखता येतील. पुढे रोजच्याला कॉन्टूर प्लस पुरतो. ज्यांना आकडे वहीत उतरवायचा कंटाळा आहे त्यांनी मात्र हा साधा मीटर न घेता ब्लूटूथवालाच घ्यावा.