ग्राफाइटची खरेदी: कार्बनच्या टक्क्यापलीकडचे निकष

ग्राफाइटच्या दरपत्रकात सर्वांत आधी नजर जाते ती कार्बनच्या टक्क्याकडे, पण निर्णयाला तो आकडा एकटा पुरेसा नसतो. ९९ टक्के कार्बनचा नैसर्गिक फ्लेक (पापुद्र्यांच्या रूपातील खनिज ग्राफाइट) आणि तितक्याच कार्बनचा ग्राफिटाइज्ड पेट्रोलियम कोक (तेलशुद्धीकरणातून उरणारा, खूप तापवून ग्राफाइटसारखा केलेला कार्बन) कागदावर सारखेच दिसतात. प्रत्यक्षात एकाच्या जागी दुसरा चालत नाही. म्हणून उरलेल्या एका टक्क्यात काय आहे आणि कणांची घडण कशी आहे, हे पुरवठादाराला आधी विचारावे.

नैसर्गिक मालात फ्लेकला मागणी अधिक आहे. भट्टीच्या अस्तराच्या मॅग्नेशिया-कार्बन विटा आणि धातू वितळवण्याच्या मुशी यांसाठी मोठ्या पापुद्र्यांचा माल घ्यावा, कारण तो हवेत सावकाश जळतो. तापवल्यावर फुगणाऱ्या प्रसरणशील ग्राफाइटलाही मोठाच फ्लेक लागतो. अमॉर्फस, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांचे, ग्राफाइट स्वस्त असते, त्यात राख जास्त असते, आणि साच्यांवरील लेप किंवा पेन्सिली यांसाठी ते पुरेसे ठरते. शिरांमध्ये सापडणारे शुद्ध ग्राफाइट व्यापारी प्रमाणावर श्रीलंकेतूनच येते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून उत्पादन आखणे मला धाडसाचे वाटते.

खरा गोंधळ होतो तो ओतकामात कार्बन वाढवण्यासाठी लागणाऱ्या मालात. कॅल्साइन्ड (नुसता भाजलेला) पेट्रोलियम कोक दराने परवडतो, परंतु त्यातील गंधक मूळ कच्च्या तेलावर अवलंबून असल्याने खेपेगणिक बदलू शकते. करड्या बिडाला थोडे गंधक चालते, किंबहुना उपयोगीही पडते. डक्टाइल बिडात (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते) मात्र ते गोळे घडवण्यासाठी घातलेले मॅग्नेशियम खाऊन टाकते आणि ग्राफाइटचे गोळे नीट बनू देत नाही. तेथे सुमारे २,५०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापवलेला ग्राफिटाइज्ड कोकच घ्यावा, कारण त्या तापमानाला गंधक व नायट्रोजन दोन्ही बहुतांशी निघून जातात. दरातील फरक मोठा असला, तरी नाकारलेल्या ओतीव भागांचा खर्च त्यात धरल्यावर हिशेब बदलतो. नायट्रोजनचा आकडा प्रमाणपत्रावर नसेल तर तो मागून घ्यावा. जास्त नायट्रोजनमुळे ओतीव भागात भेगांसारखी छिद्रे पडतात.

ठोकळ्यांच्या बाबतीत निवड घडवण्याच्या पद्धतीनुसार करावी. एक्सट्रूड केलेल्या (साच्याच्या तोंडातून दाबून काढलेल्या) ग्राफाइटचे कण मोठे असतात आणि दाबाच्या दिशेत व आडव्या दिशेत त्याचे गुण वेगळे असतात, तरीही भट्टीचे साधे भाग आणि मोठे दंड यांसाठी तेच किफायतशीर पडते. आयसोस्टॅटिक ग्राफाइट सर्व बाजूंनी सारखे दाबलेले, बारीक कणांचे आणि महाग असते. स्पार्क इरोजनच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरण्याच्या) इलेक्ट्रोडला तीक्ष्ण कडा हव्या असतील तर त्याला पर्याय नाही. हवेत ग्राफाइट साधारण ४०० ते ५०० अंशांपासून जळू लागते, त्यामुळे निर्वात किंवा निष्क्रिय वायूची सोय नसलेल्या भट्टीत महाग ठोकळा घेऊन तेवढे आयुष्य वाढत नाही.

पुरवठ्याचा प्रश्न वेगळा आहे. नैसर्गिक ग्राफाइटच्या उत्पादनात आणि त्यावरील प्रक्रियेत चीनचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि १ डिसेंबर २०२३ पासून तेथून फ्लेक व काही उच्च प्रतीचे कृत्रिम ग्राफाइट निर्यात करण्यास परवाना लागतो. मोझांबिक, मादागास्कर आणि ब्राझील येथील फ्लेक हा पर्याय आहे. मात्र खाण बदलली की राखेतील घटकही बदलतात, त्यामुळे मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी नव्या मालाची एक खेप विटेच्या मिश्रणात किंवा मुशीत प्रत्यक्ष वापरून पाहावी.