इम्प्लांट काढल्यावर काय? नवं इम्प्लांट, पोटाची चरबी की सपाट छाती

कॅन्सरमुळे स्तन काढला तेव्हा निर्णय घाईत झाला. आता दहा-बारा वर्षांनी त्या जागी आकारासाठी बसवलेली पिशवी, म्हणजे इम्प्लांट, त्रास देतंय. या वेळी बहुधा तेवढी घाई नसते, तेव्हा सावकाश ठरवा.

आधी काढायचं कशासाठी, ते बघा. शरीर इम्प्लांटभोवती पापुद्रा तयार करतं. तो आवळला की छाती कडक होते, दुखते, वर ओढली जाते. रेडिएशन झालेल्या बाजूला हे जास्त. सिलिकॉनचं इम्प्लांट फुटलं तर बाहेरून कळेलच असं नाही. म्हणून अमेरिकेची एफडीए (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 5-6 वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर 2-3 वर्षांनी तपासणी सुचवते. वर्षं उलटल्यावर एक बाजू अचानक सुजली, तर आतलं पाणी सुईने काढून तपासायलाच हवं. खरबरीत इम्प्लांटभोवती क्वचित एक लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, होतो. त्यापायीच 2019 मध्ये ॲलर्गनची बायोसेल इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली गेली. तपासणीत हा लिम्फोमा निघाला, तर इम्प्लांटसोबत भोवतीचा पापुद्राही पूर्ण काढावा लागतो. काहीच त्रास नसेल, तर केवळ भीतीपोटी काढायची गरज नाही.

आता पर्याय. जुनं काढून गुळगुळीत नवं बसवणं सर्वांत सोपं: ऑपरेशन लहान, दुसरीकडे कुठे व्रण नाही. पण हेही कायमचं नाही. रेडिएशननंतर आवळलेल्या जागी पुन्हा इम्प्लांट घालायला माझं मन धजत नाही.

अशा वेळी पोटाकडे बघावं. डीप फ्लॅपमध्ये ओटीपोटावरची कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट उचलतात आणि मायक्रोस्कोपखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. पोटाचा स्नायू जागच्या जागी राहतो. जुन्या ट्रॅम पद्धतीत तो जायचा, पोट कमजोर व्हायचं. किंमत मात्र मोठी: कित्येक तासांचं ऑपरेशन, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण, कित्येक आठवडे पाण्याची बादलीही उचलायची नाही. जोड तुंबला तर पुन्हा थिएटरमध्ये जावं लागतं, क्वचित फ्लॅप, म्हणजे उचलून आणलेला भाग, हातचा जातो. टिकला की मात्र तो तुमचाच. वजन वाढलं की तोही वाढतो. अंगाने फार बारीक असाल तर जमत नाही. आणि मिश्री लावत असाल तर ते सर्जनला लपवू नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. आधी ती सुटली पाहिजे.

पाठीचा स्नायू पुढे आणता येतो, पण तेवढ्याने आकार पुरत नाही आणि खाली बरेचदा इम्प्लांटच घालावं लागतं. नुसती चरबी टोचून भरायची तर बऱ्याच बैठका लागतात, कारण त्यातली काही विरून जाते. खड्डे बुजवायला ती उत्तम.

राहिलं सपाट. यात ऑपरेशन एकच, बरं होणंही लवकर, आणि ब्लाउजमध्ये पॅड घालायचं की नाही ते रोज तुम्ही ठरवायचं. हा हरण्याचा पर्याय नव्हे. ‘नवरा काय म्हणेल?’ असं एखाद्या बाईला विचारलेलं ऐकलं की मला संताप येतो. एवढं मात्र करा: ‘जादा कातडी ठेवू नका, सपाट आणि नीट शिवा’ असं सर्जनला ऑपरेशनआधीच सांगा आणि कागदावर लिहून घ्या. नाहीतर पुढे कधी लागेल म्हणून घड्या ठेवल्या जातात, आणि त्या काढायला आणखी एक ऑपरेशन होतं.