सोनी 70-350 मिमी : दहा महिन्यांचा वापर आणि हळदीचा पिवळा

मागच्या सप्टेंबरात ही लेन्स घरी आली. सोनी ई 70-350 मिमी एफ/4.5-6.3 जी ओएसएस, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स. कॅमेरा माझा जुनाच, ए6400. त्याच्या लहान सेन्सरवर 350 मिमीची चौकट फुलफ्रेमच्या (मोठ्या, 35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात 525 मिमीइतकी आवळते. लेन्सचं वजन 625 ग्रॅम, कॅमेरा धरून किलोच्या थोडं वर. दिवसभर गळ्यात घालून फिरता येतं, आणि माझ्यासारखीला, जी गाडी लावून दोन-तीन किलोमीटर चालते, हे फार महत्त्वाचं आहे.

याआधी माझ्याकडे फक्त 16-50 मिमीची, रुंद चौकटीची लेन्स होती. तिच्या चौकटीत आकाश, झाड, रस्ता, विजेची तार, लाल प्लॅस्टिकची खुर्ची, सगळंच यायचं. रंगांवर काम करायला बसलं की एकाला हात लावावा तर दुसरा बिघडायचा. लांब लेन्सने सगळ्यात आधी हे बदललं. चौकटीत दोन-तीनच रंग उरायला लागले. मग त्यांचं एकमेकांशी नातं काय ठेवायचं हे ठरवायला मोकळीक मिळाली. लोक ही लेन्स पक्ष्यांसाठी घेतात, मीही त्याच विचाराने घेतली होती, पण मला ती रंगांसाठी जास्त उपयोगी पडली.

सुरुवात कासच्या पठारापासून. तिथे फुलं तुडवायची नाहीत, पायवाटेवरूनच बघायचं. 350 मिमीवर ही लेन्स दीड मीटरवर फोकस होते, आणि तेव्हा जेमतेम दहा सेंटिमीटर रुंदीची जागा चौकट भरून टाकते. म्हणजे पायवाट न सोडता सीतेच्या आसवांचे चार-पाच तुरे टिपता येतात, मागे तेरड्याचा गुलाबी नुसता पसरलेला. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सची जागा ही घेणार नाही, पण कासला मला मॅक्रोची आठवण झाली नाही.

एडिटिंग मात्र पहिल्या खेपेला चुकलं. सोनकीची पिवळी फुलं उठून दिसावीत म्हणून पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) चढवलं आणि अख्खं गवत विषारी दिसायला लागलं. कारण कळायला वेळ लागला: आपण ज्याला हिरवं गवत म्हणतो त्यात सॉफ्टवेअरच्या दृष्टीने पिवळाच जास्त असतो, त्यामुळे पिवळ्याचा स्लायडर सोनकी आणि गवत दोघांनाही ओढतो. आता मी गवत वेगळं मास्क करून, म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून, थंड आणि फिकं करते, फुलाला हात लावत नाही. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 2023 पासून पॉइंट कलर आहे, त्यात नेमकी छटा उचलून तेवढ्यापुरता बदल करता येतो. हे एकच साधन नीट शिकलं तरी निम्मं काम होतं.

डिसेंबरात सोमवती अमावस्येला जेजुरीला गेले. आमचं कुलदैवत खंडोबा, लहानपणापासून आईबरोबर जाते, पण लांब लेन्स घेऊन पहिल्यांदाच. पालखी गडावरून कऱ्हेकडे निघते तेव्हा वरून भंडारा उधळतात आणि काही क्षण समोरचं काहीच दिसत नाही. मी बाजूला उंचावर उभी होते. 200 मिमीच्या आसपास दीपमाळ, माणसं आणि भंडाऱ्याचा ढग एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. गर्दीत शिरून हे मिळत नाही, लांबूनच मिळतं.

लेन्सला धूळ-पावसापासून बचावाची सोय आहे, पण हळद इतकी बारीक असते की मी त्यावर विसंबले नाही. पुढे 67 मिमीचा साधा फिल्टर, सगळ्यावर पारदर्शक पिशवी आणि टेप, आणि लेन्स दिवसभर बदलायची नाही.

आता खरी गोष्ट. भंडाऱ्याचा पिवळा डिजिटल कॅमेऱ्याला जड जातो. फोटो ज्या लाल, हिरव्या, निळ्या थरांनी (चॅनल) बनतो त्यातला लाल काठोकाठ भरतो, निळा जवळपास रिकामा असतो, आणि फोटो काढताना दिसणारा हिस्टोग्रामचा आलेख मात्र सगळं ठीक आहे असं सांगतो, कारण तो नुसता उजेडाचा असतो. काढलेला फोटो उघडून लाल, हिरवा, निळा वेगवेगळे बघितल्यावर कळलं की ढगातला सगळा तपशील उडालाय. मग एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली आणलं, म्हणजे सेन्सरवर उजेड कमी घेतला. तेव्हापासून ती सवयच झाली आहे. घरी आल्यावर पिवळ्याचा ल्युमिनन्स (उजळपणा) थोडा उतरवला तर ढगातली वळणं, सांडलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, पगडीवरचे ठिपके परत दिसायला लागतात.

तिथे न थांबता मी पुढे गेले. ह्यू (रंगाची छटा) केशरीकडे सरकवला, सावल्यांत निळा भरला. पडद्यावर फोटो भारी दिसत होता, ओळखीच्यांनी कौतुकही केलं. हौसेने बारा बाय अठराचा प्रिंट काढून आईला दिला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हा भंडारा नाही गं. शेंदूर उधळल्यासारखं दिसतंय." मग आत जाऊन देवाजवळची भंडाऱ्याची डबी घेऊन आली, चिमूटभर काढून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि कागद फोटोशेजारी सरकवला. खिडकीतल्या उजेडात दोन्ही एकत्र दिसले आणि मला काही बोलायला उरलं नाही. हळदीत किंचित हिरवट झाक असते, ती मी पुसून टाकली होती. त्या दिवशी मी तो कागद तसाच खिडकीत ठेवून त्याचा फोटो काढला. आता जेजुरीच्या प्रत्येक फाइलशेजारी तो उघडून ठेवते आणि पिवळा त्याच्याशी जुळवते. आणखी एक शोध लागला. रात्री पडद्याचा पिवळसर नाइट मोड चालू ठेवून मी रंग ठरवत होते. तो आता एडिटिंगच्या वेळी बंद असतो.

याचा अर्थ रंगांशी खेळणं सोडलं असा नाही. जानेवारीत भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, मी मनसोक्त खेळले. पहाटेचं धुकं, नाववाल्या काकांनी इंजिन बंद करून बांबूने ढकललेली नाव, समोर रोहित पक्ष्यांची रांग. रोहित मुळात बराचसा पांढरा, पंख उघडल्यावरच तो लाल-गुलाबी आणि काळा दिसतो. तिथे मी कलर ग्रेडिंगमध्ये सावल्या निळसर आणि उजळ भाग पीचकडे नेले. धुक्याला स्वतःचा रंग नसतो, तो देता येतो. पक्ष्याच्या पंखाला मात्र मास्क लावून बाहेर ठेवलं.

भिगवणलाच लेन्सची मर्यादाही लख्ख कळते. 350 मिमीवर ती एफ/6.3 पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे आत उजेड कमीच येतो. इतकी हलकी लेन्स हवी तर ही किंमत मोजावी लागते. सूर्य वर येईपर्यंत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 3200 धरूनच चालायचं. माझ्या कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, लेन्समधलं ओएसएस हाताची थरथर चांगली सांभाळतं, पण नाव हलते आणि पक्षीही हलतो, त्याला वेगवान शटरच लागतो: उडत्या पक्ष्याला 1/1600 सेकंद, बसलेल्याला 1/500. ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग कुठलीही लेन्स असो, लांबचा पक्षी मऊच येणार. तेव्हा कॅमेरा ठेवून चहा प्यावा.

जूनमध्ये दिवे घाटात माउलींची पालखी टिपली. घाटाची वळणं, त्यावर पांढऱ्या टोप्यांची न संपणारी ओळ, मधे भगव्या पताका, मागे नुकता हिरवा होऊ लागलेला डोंगर. तीन रंग. हिरव्याचा ल्युमिनन्स थोडा खाली घेतला, बाकी कशाला हात लावला नाही.

नवीन घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की घरात लग्न-मुंजीचे, संध्याकाळचे फोटो काढायचे असतील तर ही लेन्स नको, उजेड पुरणार नाही. दिवसाउजेडी डोंगर, जत्रा, पाणवठे फिरत असाल तर बेलाशक घ्या. आणि पावसाळ्यात ती कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवू नका, बुरशी धरते. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवते, आत छोटा आर्द्रतामापक आहे, काटा पन्नासच्या वर गेला की जेल बदलते. आज सकाळी तो 47 दाखवत होता.