घर दोघांचं, नाव कुणाचं?

जोडीदारासोबत लग्न न करता राहणारी मैत्रीण पुण्यात फ्लॅट घेतेय. करारनामा तिच्या एकटीच्या नावे, की दोघांच्या?

खर्चात पहिला पर्याय सरस. महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावे घर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट. ८० लाखांवर ८० हजार वाचतात. मोह होतोच! पण त्यात जोडीदाराचेही पैसे असतील तर बेनामी कायदा, म्हणजे पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं याला मनाई करणारा कायदा, आडवा येऊ शकतो. बायकोच्या नावे घेण्याला त्यात सूट आहे, लग्नाशिवायच्या जोडीदाराला नाही. नंतर त्याचं नाव चढवायचं तर बक्षीसपत्रावर पूर्ण शुल्क. नवराबायकोला बक्षीसपत्रावर मिळणारी २०० रुपये मुद्रांक शुल्काची सवलत इथे नाही.

दोघांच्या नावे घेतलं तर ६०-४० जो असेल तो हिस्सा करारनाम्यातच लिहा, हप्ते आपापल्या खात्यातून. मृत्युपत्र मात्र दोघांचंही हवं, नाहीतर हिस्सा घरच्या वारसांकडे.

पैसे तिचेच असतील तर तिचं नाव, दोघांचे असतील तर सूट विसरा.