सुगंधी मेणबत्ती: काचेची बरणी की पत्र्याची डबी?

काचेतून ज्योत सुरेख दिसते, त्यामुळे भेट द्यायला लोक बरणीच उचलतात. पण साधी पातळ काच नकोच. वात कडेला कलली की एकाच जागी तापून ती तडकते आणि वितळलेलं मेण टेबलभर पसरतं. जाड, उष्णता सोसणारी काच घ्या. पार्सलमध्ये तिला जपावंही फार लागतं.

पत्र्याची डबी फुटत नाही, हलकी असते, झाकणामुळे वासही टिकतो. फक्त ती बिनसांध्याची हवी, नाहीतर सांध्यातून मेण झिरपतं. शिवाय ती चांगलीच तापते. 'जळताना हात लावू नका, खाली ताटली ठेवा' हे लेबलवर हवंच. कुरिअरने विकणाऱ्या नवख्यांना मी डबीच सुचवेन.

भांडं बदललं की वात नव्याने तपासायची: एका खेपेला जास्तीत जास्त ४ तास, असं तळाशी सुमारे १ सेंमी मेण उरेपर्यंत स्वतः जाळून बघायचं. तोवर एकही नग विकू नका.